चर्वणा आणि विरेचन यांच्या मधले आतडे

१

कलानुभवाचे स्वरूप उलगडताना काव्यशास्त्राने अन्नमार्गाची भाषा प्रारंभापासून वापरली आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने रसाची उपपत्ती मांडली, ती नाना व्यंजनांनी संस्कारित झालेल्या अन्नाचा आस्वाद घेणाऱ्या सुमनस पुरुषाच्या दृष्टान्ताने. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीसाठी ‘चर्वणा’ ही संज्ञा योजली. तिचा मूळ अर्थ चावणे. दुसरीकडे अ‍ॅरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या व्याख्येत ‘कॅथार्सिस’ हा शब्द वापरला. १८५७ साली याकोब बेर्नाइस या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने त्याचा वैद्यकीय अर्थ आग्रहाने पुढे आणला. त्यानंतर, रेचकाने पोट साफ व्हावे तसे साचलेल्या भावनांचे निःसारण, असा अर्थ सर्वत्र रूढ होत गेला. मराठी समीक्षेत त्यासाठी ‘विरेचन’ हा आयुर्वेदातील शब्द सहज स्थिरावला. एका परंपरेने अन्नमार्गाचे प्रवेशद्वार घेतले, दुसरीने निर्गमद्वार घेतले. या दोहोंच्या मध्ये असलेल्या काही मीटर लांबीच्या आतड्याविषयी मात्र दोन्ही परंपरा मौन बाळगून आहेत. चावलेले पुढे सरकते आणि उरलेले बाहेर पडते, हे दोघींनी गृहीत धरले आहे.

हे गृहीतच ज्या अनुभवात कोसळते, अशा एका अनुभवाच्या संदर्भात या रूपकांची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. अंडाशयाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर अनेक स्त्रियांच्या वाट्याला आतड्याचा अवरोध येतो. तो सुटतो आणि पुन्हा येतो. या रोगाच्या परिसरात गेल्या काही दशकांत इंग्रजीत आत्मकथनपर लेखन झाले आहे. त्या लेखनाचे मूल्यमापन बहुधा ‘लिहून मोकळे होणे’ या निकषावर केले जाते. हा निकष विरेचनाच्या रूपकातून आलेला आहे. अवरोधाच्या अनुभवाला तो लागू पडतो काय, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

२

प्रथम या अनुभवाची शारीर बाजू स्पष्ट करणे आवश्यक आहे. कारण रूपकाची परीक्षा वस्तुस्थितीच्या आधारेच होऊ शकते. अंडाशयाचा कर्करोग प्रारंभी फारसा बोलत नाही. पोट फुगल्यासारखे वाटणे, थोडे खाल्ले तरी पोट भरणे अशा क्षुल्लक भासणाऱ्या तक्रारींच्या आड तो उदराच्या अस्तरावर पसरत जातो. म्हणून निदान पुष्कळदा उशिरा होते. मग जी शस्त्रक्रिया केली जाते तिला इंग्रजीत ‘डिबल्किंग’ म्हणतात. रोगाचा दिसणारा सर्व भार शक्य तितका काढून टाकणे हा तिचा उद्देश. मागे उरलेल्या गाठींचा आकार जितका लहान तितके आयुष्य अधिक, हा संबंध ग्रिफिथ्स या शल्यवैद्याने १९७५ साली दाखवून दिल्यानंतर या शस्त्रक्रियेचा आग्रह वाढला. गर्भाशय, अंडाशय, उदरातील चरबीचा पडदा आणि गरज पडल्यास आतड्याचाही काही भाग तीत काढला जातो.

व्रण भरताना पोटात चिकट पट्टे तयार होतात. आतड्याची वेटोळी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटतात आणि मार्ग अरुंद होतो. रोग परतला असेल तर त्याच्या गाठीही बाहेरून आतडे आवळतात. कळा लाटेसारख्या येतात, पोट ताठ होते, उलट्या होतात, वायूसुद्धा सरत नाही. उपचार बहुधा असा असतो : तोंडाने काही द्यायचे नाही, शिरेतून द्रव द्यायचा, नाकातून जठरात नळी घालून साचलेले वर खेचून घ्यायचे आणि वाट पाहायची. काही वेळा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. परंतु प्रत्येक नवी शस्त्रक्रिया नव्या पट्ट्यांना जन्म देऊ शकते. अवरोध सुटल्यानंतर आहारातून चोथा कमी करायचा, साली, बिया, कच्च्या भाज्या टाळायच्या, थोडे थोडे खायचे आणि प्रत्येक घास बारीक चावायचा. काव्यशास्त्रातील चर्वणा ही आनंदाची संज्ञा येथे अक्षरशः पथ्याच्या कागदावर येऊन बसते.

या वर्णनातील दोन गोष्टी समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली ही की, रुग्ण काहीच खात नसली तरी तिचे पोट भरत राहते. मुखापासून लहान आतड्यापर्यंतचे अवयव दिवसाला सुमारे सात-आठ लिटर पाचक रस स्रवत असतात. मार्ग बंद झाला की ते मागे साचू लागतात. तिला गुदमरवून टाकतो तो तिचाच रस. दुसरी ही की, पूर्ण अवरोधात रेचक देणे धोक्याचे असते. बंद मार्गावर जोर आणला तर आतडे फुटू शकते. ज्या अवस्थेला सामान्य बुद्धी विरेचन हाच उपाय मानील, त्या अवस्थेत विरेचन निषिद्ध आहे.

३

आता ‘लिहून मोकळे होणे’ या कल्पनेकडे वळता येईल. तिची वंशावळ लक्षणीय आहे. बेर्नाइसच्या पुतणीशी, मार्थाशी, फ्रॉइडचा विवाह झाला होता. आणि १८९५ साली ब्रॉयर व फ्रॉइड यांनी हिस्टेरियावरील आपल्या ग्रंथात ज्या उपचारपद्धतीचे विवेचन केले, तिचे नाव ‘कॅथार्टिक’ असे होते. दाबून ठेवलेला भाव बोलण्यावाटे बाहेर पडला की लक्षण नाहीसे होते, हे तिचे सूत्र. १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे, आपल्या आयुष्यातील आघातांविषयी लिहावयास लावून त्याचा प्रकृतीवर होणारा परिणाम तपासला. त्यामागील प्रारंभीची धारणाही हीच होती की, भावनांचा निरोध शरीराला अपाय करतो. साहित्यशास्त्रातून मानसशास्त्रात आणि तेथून लेखनोपचारात असा या रूपकाचा प्रवास झाला. या प्रवासात मन हे एक आतडे आहे, हे समीकरण कोणीही उघडपणे मांडले नाही. परंतु ते सर्वत्र कार्यरत राहिले.

सूझन सोंटॅग यांनी ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ (१९७८) या ग्रंथात कर्करोगाला चिकटलेल्या रूपकांवर हल्ला चढविला, तो याच समीकरणाच्या एका फलितावर होता. भावना कोंडून ठेवणाऱ्या माणसाला कर्करोग होतो, ही त्या काळी लोकप्रिय असलेली समजूत रुग्णालाच दोषी ठरवते, हे त्यांनी दाखवून दिले. क्षयरोग फुप्फुसाचा, म्हणून वरच्या, आत्मिक भासणाऱ्या प्रदेशातला. कर्करोग मात्र ज्यांचा उच्चार करण्याचा संकोच वाटतो अशा अवयवांना गाठतो, हेही त्यांचे निरीक्षण. तथापि सोंटॅग यांचा मार्ग रूपकाच्या उच्चाटनाचा आहे. स्वतः स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या असूनही त्या ग्रंथात त्यांनी आपल्या आजाराचा उल्लेख केला नाही. रूपक दूर झाल्यावर जे शरीर उरते त्याचे वर्णन कोणत्या शब्दांत करायचे, हा प्रश्न त्यांनी पुढच्यांसाठी ठेवला.

४

तो प्रश्न अंगावर घेणारे महत्त्वाचे पुस्तक म्हणजे सूझन गुबार यांचे ‘मेम्वार ऑफ अ डिबल्क्ड वुमन’ (२०१२). गुबार या अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात इंग्रजीच्या प्राध्यापिका होत्या. सँड्रा गिल्बर्ट यांच्यासह लिहिलेल्या ‘द मॅडवुमन इन द अ‍ॅटिक’ (१९७९) या ग्रंथामुळे स्त्रीवादी समीक्षेत त्यांचे नाव स्थिर झाले. लेखणी आणि पुरुषाचे जननेंद्रिय यांच्यातील परंपरागत रूपकात्मक नाते तपासतच त्या ग्रंथाचा आरंभ होतो. पुढे १९८१ साली त्यांनी इसाक डिनेसन यांच्या ‘द ब्लँक पेज’ या कथेवर एक निबंध लिहिला. त्या कथेत राजकन्यांच्या विवाहरात्रीच्या डागाळलेल्या चादरी मठात चित्रांसारख्या लावलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये एक कोरी चादर असते. स्त्रीचे शरीर हेच तिच्या अभिव्यक्तीचे माध्यम होते आणि म्हणून तिची निर्मिती वेदनेच्या, रक्ताच्या प्रतिमांतून प्रकटते, असे प्रतिपादन गुबार यांनी तेथे केले होते. शरीर आणि संहिता यांच्या अभेदाचा सिद्धान्त मांडणाऱ्या या समीक्षिकेला २००८ च्या अखेरीस अंडाशयाच्या प्रगत अवस्थेतील कर्करोगाचे निदान झाले.

या पुस्तकाचा केंद्रबिंदू अवरोधापेक्षा शस्त्रक्रियेत आतड्याला झालेली इजा, त्यानंतरचा संसर्ग, निचऱ्यासाठी बसविलेल्या नळ्या आणि पोटावर काढलेले आतड्याचे तोंड हा आहे. परंतु प्रश्न त्याच प्रदेशातला आहे. ज्या शरीराचा सिद्धान्त मांडला ते रक्ताचे, प्रसूतीचे, कामनेचे शरीर होते. प्रत्यक्षात समोर आले ते मलाचे शरीर. रक्ताच्या डागाला प्रतीकाची प्रतिष्ठा मिळू शकते. मलाला ती सहजी मिळत नाही. गुबार यांचे धाडस असे की, त्यांनी ती मिळवून देण्याचा फारसा प्रयत्न केला नाही. पिशवी, गळती, दुर्गंधी, बाहेर पडण्याची भीती यांची नोंद त्या ज्या प्रकारे करतात, तीत तक्रार आहे, संताप आहे, उपचारपद्धतीवर टीका आहे. उदात्तीकरण मात्र नाही.

या पुस्तकावर एक आक्षेप घेता येतो. असह्य प्रसंगाच्या जवळ आले की गुबार वारंवार कवी, कादंबरीकार, चित्रकार यांच्याकडे वळतात. अनुभव विद्वत्तेच्या आच्छादनाखाली जातो, असे एखाद्या वाचकाला वाटेल. हा आक्षेप विरेचनाच्या निकषातून येतो. जणू लेखिकेने सर्व काही एकदम, अनावृत, बाहेर टाकले असते तर लेखन अधिक खरे झाले असते. वस्तुतः येथे संदर्भ येतो तो सोसण्याचे साधन म्हणून. जिचे आयुष्य वाचनात गेले, तिच्याजवळ वेदनेच्या वेळी जे असते ते दुसऱ्यांचे शब्दच असतात. ते ती थोडे थोडे घेते, थांबते, पुन्हा घेते. तथापि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या दुसऱ्या पुस्तकाला ‘रीडिंग अँड रायटिंग कॅन्सर’ या शीर्षकाखाली शब्द कसे बरे करतात असे सांगणारे उपशीर्षक गुबार यांनी दिले, हे नोंदवले पाहिजे. २०१२ च्या पुस्तकाने ज्या रूपकाला अडवून धरले होते, त्याला येथे वाट मोकळी करून दिली गेली. आशयदृष्ट्या दुसरे पुस्तक उपयुक्त आहे. सिद्धान्तदृष्ट्या पहिले अधिक प्रामाणिक आहे.

५

भारतीय परंपरेत या अनुभवाला स्थान कोठे? वैद्यकात ते निश्चित आहे. आठ उदररोगांत ‘बद्धगुदोदर’ हा एक. चरकाने त्याच्या कारणांत आतड्यांच्या गुंतण्याचाही समावेश केला. सुश्रुताने तर नाभीच्या खाली डाव्या बाजूस पोटाचा छेद घ्यावा, चार अंगुळे आतडे बाहेर काढून तपासावे, अडथळा दूर करून मध व तूप लावून ते पुन्हा जागी ठेवावे आणि बाहेरचा व्रण शिवावा, अशी क्रिया सांगितली. वैद्याने आतड्यात पाहिले.

काव्यशास्त्राने आतडे पाहिले ते बीभत्स रसात. दहाव्या शतकातील धनंजयाने ‘दशरूपका’त बीभत्साचे तीन प्रकार सांगितले : कृमी, दुर्गंधी, वांती यांतून उत्पन्न होणारा उद्वेगी, रक्त, आतडी, अस्थी, वसा, मांस यांतून होणारा क्षोभण, आणि वैराग्यामुळे स्त्रीच्या जघन-स्तनादी अवयवांविषयी वाटणाऱ्या घृणेतून होणारा शुद्ध. ही विभागणी बारकाईने पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते. तिन्ही ठिकाणी जुगुप्सेचे आलंबन दुसऱ्याचे शरीर आहे. रणांगणावरील प्रेताची आतडी किंवा विरक्ताच्या नजरेसमोरील स्त्री. पाहणारा सुरक्षित अंतरावर उभा आहे. सर्वांत ‘शुद्ध’ मानलेल्या प्रकारात तर निरोगी स्त्रीशरीरच घृणेचा विषय होते.

अंडाशयाच्या कर्करोगाच्या आत्मकथनात आलंबन आणि आश्रय एकच असतात. जिच्याविषयी जुगुप्सा वाटते आणि जिला जुगुप्सा वाटते ती एकच स्त्री असते. तिला मागे सरकण्यासाठी जागा नाही. रसव्यवस्थेतील अंतराची अट येथे मोडते, आणि म्हणून हे लेखन रसिकाला अस्वस्थ करते. अनौचित्याखेरीज रसभंगाला दुसरे कारण नाही, या आनंदवर्धनाच्या मताचा आधार घेऊन असा विषय साहित्यबाह्य ठरविणे सोपे आहे. मराठीत मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) वर अश्लीलतेचा खटला झाला आणि नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) ने अभिरुचीला धक्का दिला, तेव्हा औचित्याची कल्पना प्रत्येक वेळी विस्तारावी लागली. औचित्य हे वस्तूचे अंग नसून वस्तू, वक्ता आणि प्रयोजन यांच्यातील संबंधाचे अंग आहे. दुसऱ्याच्या मलाविषयी तिऱ्हाइताने केलेला विनोद आणि स्वतःच्या पोटावरील पिशवीविषयी रुग्णेने केलेली नोंद, या दोहोंना एकच जुगुप्सा म्हणणे हा वर्गीकरणाचा दोष होय.

६

यानंतर प्रश्न येतो रचनेचा. आदि, मध्य आणि अंत असलेली ती संपूर्ण कृती, ही अ‍ॅरिस्टॉटलची व्याख्या. मध्य म्हणजे ज्याच्या आधी काही आहे आणि ज्याच्या नंतर काही आहे असा भाग. पुनःपुन्हा होणाऱ्या अवरोधाला मध्यच तेवढा असतो. पहिला अवरोध हा आरंभ नव्हे, कारण त्याचे मूळ शस्त्रक्रियेत आहे. सुटलेला अवरोध हा अंत नव्हे, कारण पुढच्याची शक्यता त्याच आतड्यात शिल्लक आहे. दोन अवरोधांमधील काळ घासाघासाला पोटाचा आवाज ऐकण्यात जातो.

मार्गारेट एडसन यांच्या ‘विट’ या नाटकाचा प्रथम प्रयोग १९९५ सालचा. त्यातील व्हिव्हियन बेअरिंग ही जॉन डन या कवीची अभ्यासक असलेली प्राध्यापिका अंडाशयाच्या कर्करोगाने मरते. नाटकात उलटीचे भांडे आहे, तपासण्यांची अवहेलना आहे. परंतु मृत्यू आहे म्हणून त्याला आकार आहे. शेवटच्या क्षणी ती वस्त्रे उतरवीत प्रकाशाकडे जाते आणि शोकात्मिकेचे वर्तुळ पूर्ण होते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘द वूंडेड स्टोरीटेलर’ या ग्रंथात आर्थर फ्रँक यांनी आजाराच्या कथनांचे तीन प्रकार सांगितले : पुन्हा बरे होण्याचे, अनागोंदीचे आणि शोधयात्रेचे. आवर्ती अवरोध यांपैकी कोठेच नीट बसत नाही. बरे होणे तात्पुरते असते. अनागोंदी म्हणावी तर नियम फार कडक असतात. आणि शोधयात्रेला लागणारे पुढे जाणे येथे अक्षरशः थांबलेले असते.

अमेरिकन विनोदी अभिनेत्री गिल्डा रॅडनर यांनी याच रोगाविषयी ‘इट्स ऑलवेज समथिंग’ हे पुस्तक लिहिले. ते आणि त्यांचा मृत्यू दोन्ही १९८९ सालचे. आपल्याला पुस्तकाचा निर्दोष शेवट हवा होता, तो मिळणार नाही हे उमगले, अशी कबुली त्यांनी त्यात दिली आहे. साहित्यिक मानदंडांनी हे पुस्तक साधेच आहे. परंतु रचनेच्या प्रश्नाला त्यांनी जो थेट स्पर्श केला, तो पुष्कळ सिद्धान्तकारांना साधलेला नाही.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये लयीची संवाद, विरोध आणि समतोल ही तीन तत्त्वे मांडली. अवरोधाच्या आवर्तनात संवाद आहे, कारण तीच कळ, तीच नळी, तेच उपवास परत येतात. विरोध आहे, कारण प्रत्येक वेळी शरीर थोडे अधिक थकलेले असते. समतोल मात्र शरीर देत नाही. तो लेखनाला निर्माण करावा लागतो, किंवा त्याच्या अभावासह उभे राहावे लागते. हिलरी मँटेल यांनी २०१० साली पोटावरील मोठ्या शस्त्रक्रियेनंतर लिहिलेल्या रुग्णालयातील टिपणांत दुसरा मार्ग स्वीकारला आहे. तुकडे, भ्रम, निरीक्षणे यांना जोडणारी कथा तेथे नाही आणि तिची उणीवही भासत नाही.

७

याच टिपणांत मँटेल यांनी व्हर्जिनिया वूल्फ यांच्या ‘ऑन बीइंग इल’ (१९२६) या निबंधाशी वाद घातला आहे. वेदनेसाठी इंग्रजी भाषेत शब्द नाहीत, ही वूल्फ यांची तक्रार. शब्द पुष्कळ आहेत आणि ते जुने आहेत, हे मँटेल यांचे उत्तर. मराठीच्या बाबतीत हे उत्तर अधिकच खरे आहे. कळ, मुरडा, शूळ, वेणा, ठणका, तिडीक, चमक, पोटात उठणारा गोळा अशी सूक्ष्म भेद करणारी शब्दसंपदा या भाषेत घरोघर वापरात आहे. अडचण वेगळीच आहे. मराठीने आतडे हा शब्द मायेसाठी राखून ठेवला आहे. आतडे तुटते ते दुसऱ्याच्या दुःखाने. आतड्याला पीळ पडतो तो लेकराच्या आठवणीने. आतड्याचा माणूस म्हणजे रक्ताच्या नात्याइतका जवळचा. ज्या स्त्रीच्या आतड्याला खरोखर पीळ पडला आहे, तिच्यासाठी भाषेत स्वतःकडे वळणारा वाक्प्रचार उरलेला नाही. इतरांसाठी कळवळण्याचे इंद्रिय म्हणूनच तिच्या आतड्याला मान्यता आहे.

म्हणून मराठीत असे लेखन यावयाचे तर त्याला दुहेरी काम करावे लागेल : रूपक झालेला शब्द परत अवयवाच्या नावावर करायचा आणि तसे करताना त्यातील माया गमवायची नाही. अर्थात येथे वर्गाचा प्रश्नही दृष्टिआड करता येत नाही. गुबार यांच्याजवळ विद्यापीठाचे पद, प्रकाशक आणि वाचन यांचे पाठबळ होते. जिला स्वतंत्र खोली नाही, पिशवी बदलण्याइतका आडोसा नाही, तिच्या अनुभवाची संहिता कोणत्या रूपात येईल, हा प्रश्न समीक्षेने आधीच विचारून ठेवला पाहिजे.

चर्वणा आणि विरेचन या संज्ञा टाकून देण्याचे कारण नाही. त्या निरोगी शरीरावर बेतलेल्या आहेत, एवढे भान पुरेसे आहे. अवरोधाच्या लेखनासाठी समीक्षेला तिसरी संज्ञा हवी असेल, तर ती आयुर्वेदातच उपलब्ध आहे, आणि ती म्हणजे लंघन. आत काही न घालता, बाहेर काही न ढकलता, जे साचले आहे ते हळूहळू कमी होऊ देत आतड्याने आपली गती पुन्हा धरण्याची वाट पाहणे हा या अवस्थेतील उपचार आहे. या अवस्थेतून आलेल्या लेखनाची आखूड वाक्ये, त्यातील पुनरुक्ती, मध्येच थांबणे, निष्कर्षाला दिलेला नकार यांना दोष मानण्यापूर्वी ती या दृष्टीने वाचली जावीत. लेखिका लिहून मोकळी झाली की नाही, हे वाचकाला कळण्याचा मार्ग नाही. ती कशी थांबली आणि थांबलेल्या काळात तिने भाषेचे काय केले, हे मात्र पानावर दिसते. आणि मूल्यमापन त्याचेच व्हावयास हवे.